मणक्याची झीज: हाडाची की गादीची?

आईचं इंजेक्शनचं पेन आमच्या फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी असतं. रोज रात्री जेवण झालं की ती पोटाची चिमट धरते, टोचून घेते आणि पेन जागच्या जागी ठेवते. एकदा शेजारच्या काकू तेव्हाच आल्या. म्हणाल्या, "वहिनी, माझीही मणक्याची झीजच आहे की. मग मला डॉक्टर हे का देत नाहीत?"

काकूंनी विचारलं ते बरोबरच होतं. घोळ 'झीज' या शब्दात आहे. आपल्याकडे पाठीच्या दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना हा एकच शब्द चिकटवतात.

मणका म्हणजे हाड आणि दोन मणक्यांच्या मधे गादी, म्हणजे डिस्क. अशा गाद्या 23. आईचं हाड आतून पोकळ झालंय. गेल्या वर्षी पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली आणि एक्स-रेत दिसलं की एक मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झालाय. हा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. तो डेक्सा या हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीत कळतो आणि टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की निदान पक्कं धरतात. गंमत म्हणजे मणका दबेपर्यंत हा आजार बहुधा दुखतच नाही.

काकूंची हाडं शाबूत आहेत, गादी वाळलीय. गादीच्या मधला गर तरुणपणी जवळजवळ 80 टक्के पाणी असतो. दिवसभराच्या वजनाने ते पाणी थोडं पिळून निघतं आणि रात्री आडवं झालं की गादी ते परत शोषून घेते. म्हणूनच सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. वयानुसार ही ताकद कमी होते, गादी चपटी होते आणि लोक म्हणतात, "मणक्यात गॅप आलाय." खरं तर गॅप कमी झालेला असतो! ओली गादी एमआरआयमध्ये उजळ दिसते, काकूंची कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली काळी दिसली. मात्र काळी गादी दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असंही नाही. पाठ अजिबात दुखत नसलेल्यांचे एमआरआय तपासणाऱ्या अभ्यासांचा 2015 साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्याच निघाल्या.

आता इंजेक्शन. औषधाचं नाव टेरिपॅराटाइड, म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींतून येणाऱ्या हार्मोनचा एक तुकडा. अमेरिकेत त्याला 2002 मध्ये मान्यता मिळाली, तीही हाडांच्या ठिसूळपणासाठी. हा हार्मोन मोठा लहरी. रक्तात सतत जास्त राहिला तर हाडातलं कॅल्शियम उपसतो. तोच दिवसातून एकदा 20 मायक्रोग्रॅम, थोड्या वेळापुरता मिळाला तर हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतो. म्हणून रोज टोचायचं, साधारण दोन वर्षं. नंतर मिळालेलं हाड टिकवायला दुसरं औषध लागतं, नाहीतर केलेलं पाण्यात जातं.

गादीला रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, अन्न-पाणी वरच्या-खालच्या मणक्यांच्या पातळ थरातून झिरपत येतं. त्यामुळे 'हाडाचं औषध गादीपर्यंत पोचेल कसं?' असं आपल्याला वाटतं. पण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर दाखवलं की गादीच्या गरातल्या पेशींवरही या हार्मोनचा संदेश टिपणारे रिसेप्टर असतात. ते काढून टाकले की गादी लवकर झिजली. म्हाताऱ्या उंदरांना हार्मोन अधूनमधून टोचला तेव्हा झीज मंदावली. संशोधन रंजक आहे, पण उंदीर चार पायांवर चालतो आणि दोन-अडीच वर्षं जगतो. माणसाच्या गादीची झीज रोखण्यासाठी हे औषध मान्य झालेलं नाही. तेव्हा काकूंच्या डॉक्टरांनी ते लिहिलं नाही, हे मला रास्तच वाटतं. त्यांना व्यायाम दिलाय, वजन उतरवायला सांगितलंय आणि दुखेल तेवढ्यापुरती गोळी.

आणखी एक गुंता आहे. दोन्ही झिजा एकाच पाठीत सुखाने नांदू शकतात. त्यात गादी झिजली की मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात. कमरेच्या डेक्सात ते काटेही हाड म्हणूनच मोजले जातात, आणि पोकळ मणका कागदावर ठणठणीत दिसतो. त्यामुळे अशा माणसाचा खुब्याचा आकडा बघावा लागतो. काकूंच्या जुन्या रिपोर्टमध्ये फक्त कमरेचा आकडा होता. त्यांची पाळी जाऊन पंधरा वर्षं झालीत, आणि पाळी गेल्यावर हाडं विरळ होऊ लागतात, म्हणून आईने त्यांना सांगितलं, "इंजेक्शनचं राहू दे. आधी डॉक्टरांना खुब्याचा डेक्सा विचार." सोमवारी दोघी रिक्षाने जाणार आहेत.