‘फॉन्ट गेला’ म्हणजे नेमके काय गेले? अक्षर, फॉन्ट आणि युनिकोडची पार्श्वभूमी

जुनी मराठी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि पडद्यावर ई, जे, के, मोठा बी, एच अशी इंग्रजी अक्षरांची रांग आली, की लगेच म्हटले जाते, ‘फॉन्ट गेला.’ ही रांग म्हणजे कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द आहे. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फाईलमध्ये मराठी कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरे होती आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्रे दाखवत होता.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, या ठरावाला एन्कोडिंग म्हणतात. त्या आकड्याचे चित्र कसे दिसावे, हे फॉन्ट सांगतो. नवख्या माणसाने आधी एवढा फरक पक्का करावा, बाकीचे शब्द त्यावरच उभे आहेत.

१९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘आस्की’ या एन्कोडिंगमध्ये ७ बिट (शून्य किंवा एक असे अंक), म्हणजे १२८ जागा होत्या. त्यात इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे भरली. बाइट हे संगणकाच्या साठवणीचे एकक मात्र ८ बिटांचे, म्हणजे २५६ जागांचे. वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्या बसवणारी ‘इस्की’ ही प्रणाली १९९१ साली आयएस १३१९४ या भारतीय मानकात आली. तिच्यामागचा विचार फार सुंदर होता: लिपी कोणतीही असो, ‘क’चा आकडा एकच. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट तंत्रज्ञानातून ती वापरात आणली. छपाईच्या धंद्याने मात्र सोपी वाट धरली. इंग्रजी अक्षरांची चित्रे बदललेला फॉन्ट साध्या विंडोजवर लगेच चालत होता. प्रत्येक कंपनीने चित्रांची मांडणी आपापल्या सोयीने केली, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात टाकला की वाचता येईना.

त्यातली खरी अडचण ‘अर्थ’ या शब्दात दिसते. कृतिदेवमध्ये तो अ, अर्धा थ, दंड, रफार अशा क्रमाने साठवला जातो, आणि तो दंड म्हणजे काना दाखवणारेच ‘के’ अक्षर. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर. थोडक्यात, फाईलमध्ये उच्चार नसतो, आकारांचे तुकडे असतात. म्हणूनच अशा मजकुरात ना नीट शोध लागत ना नावे अकारविल्हे लागत.

युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीचे एकच एन्कोडिंग. त्याची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिने देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ आकडे दिले. मांडणी इस्कीवरूनच घेतली. म्हणून देवनागरी ‘क’ २३२५ वर, तर बंगाली ‘क’ बरोबर १२८ पुढे, २४५३ वर आहे. इथे क्रम उच्चाराचा: ‘कि’ म्हणजे आधी क, मग वेलांटी, ‘अर्थ’ म्हणजे अ, र, हलन्त, थ. वेलांटी डावीकडे नेणे आणि रफार डोक्यावर चढवणे हे काम पडद्यावर दाखवणाऱ्या प्रणालीचे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह ही सोय आली. विंडोज एक्सपीत ती बहुधा सीडीवरून वेगळी चालू करावी लागे. तोवर वेलांटी चुकीच्या बाजूला दिसायची.

जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरने, म्हणजे रूपांतर करणाऱ्या साधनाने, युनिकोडमध्ये बदलताना नेमके हेच क्रम उलटवावे लागतात. म्हणून रूपांतरानंतर आधी ऱ्हस्व वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे तपासावीत. मूळ फाईल मात्र पुसू नये.

यूटीएफ-८ हे युनिकोडचे आकडे बाइटमध्ये लिहिण्याचे तंत्र. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते १९९२ साली आखले. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला त्यात ३ बाइट लागतात: ‘क’साठी २२४, १६४, १४९. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. म्हणून एक्सेलने सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) चुकीच्या एन्कोडिंगने वाचली, की डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए आणि पाठोपाठ ¤ हे चलनचिन्ह किंवा येनचे चिन्ह पुन्हा पुन्हा दिसते. मजकूर शाबूत असतो. फाईल थेट न उघडता ‘डेटा’ टॅबमधून आयात करावी आणि ६५००१ हा यूटीएफ-८चा पर्याय निवडावा. नुसत्या चौकटी दिसल्या तर फॉन्टमध्ये ते चित्र नाही. योग्य फॉन्ट घातला की भागते. प्रश्नचिन्हांची रांग मात्र वाईट. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर ‘अँसी’ (विंडोजचे जुने, देवनागरी नसलेले एन्कोडिंग) म्हणून सेव्ह केला, की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचाच आकडा लिहिला जातो. त्या फाईलमधून मूळ अक्षर परत मिळत नाही.

मराठीच्या खास गरजा युनिकोडमध्ये आहेत, पण त्या टाइप करणाऱ्याला माहीत हव्यात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या; दुसऱ्या शब्दासाठी २३५३ वरचा ऱ लागतो, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट आणि जे. ‘ॲ’ हे अक्षर तर २००८ साली, ५.१ आवृत्तीत, २४१८ वर आले. त्याआधी अ वर चंद्र चढवून दोन आकड्यांत ‘अॅ’ लिहावा लागे. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण साध्या शोधात ‘ॲप’ टाकले तर जुन्या पद्धतीचे ‘अॅप’ सापडत नाही. मोठ्या फाईलवर काम सुरू करताना ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळे ‘अॅ’ आधी ‘ॲ’ करून घ्यावेत.