डिझाइन सॉफ्टवेअर मागवण्यापूर्वी ‘सिस्टीम टाइप’ची ओळ पूर्ण वाचावी

ऑटोकॅड, फोटोशॉप किंवा कोरलड्रॉ बसवून हवे म्हणून ग्राहकांचा फोन आला की, आमच्याकडून पहिला प्रश्न जातो तो आपले विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, हा. (बिट म्हणजे संगणक एका वेळी किती माहिती हाताळतो, त्याचे माप.) बहुतेक ग्राहक क्षणाचाही विलंब न लावता ‘६४’ असे उत्तर देतात. त्या उत्तरावर विसंबून आमचा माणूस पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या छापखान्यात किंवा आर्किटेक्टच्या कार्यालयात पोहोचतो आणि मशीन, म्हणजे संगणक, सुरू केल्यावर ते ३२ बिटचे निघते. त्या दिवशी काम होत नाही, ग्राहकाचाही खोळंबा होतो आणि लग्नसराईत अशी एक फेरी वाया गेली की पुढच्या तिघांचे वेळापत्रक कोलमडते. हे पत्रक त्याच एका चुकीसाठी छापले आहे.

ग्राहक खोटे सांगत नाहीत, हे आधी नमूद केले पाहिजे. विंडोज १० मध्ये स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘सिस्टीम’ उघडले की ‘सिस्टीम टाइप’ या ओळीत स्वल्पविरामाने जोडलेल्या दोन गोष्टी दिसतात. पहिली ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे विंडोजची असते आणि दुसरी प्रोसेसरची. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असे तेथे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ इतकाच की प्रोसेसर ६४ बिट चालवू शकतो, पण त्याच्यावर विंडोज मात्र ३२ बिटचे टाकलेले आहे. नजर नेमकी शेवटच्या ‘६४’वर जाते आणि तेच फोनवर सांगितले जाते. सॉफ्टवेअरला मात्र स्वल्पविरामाच्या आधीचा आकडा लागतो.

अशी मशीन इतकी का आढळतात, याचेही कारण आहे. दोन किंवा चार जीबी रॅम (कामापुरती तात्पुरती मेमरी) असलेल्या, सुटे भाग जोडून बनवलेल्या असेंबल मशीनवर पूर्वी विंडोज ७ ची ३२ बिट आवृत्ती टाकण्याची पद्धत होती. २०१५ साली विंडोज १० फुकट मिळू लागले तेव्हा अनेकांनी ते घेतले. पण अशा अपग्रेडमध्ये ३२ बिटचे ३२ बिटच राहते. पुढे कोणी रॅम वाढवून आठ जीबी केली, तरी ३२ बिट विंडोजला चार जीबीपलीकडची रॅम वापरता येत नाही. ‘इन्स्टॉल्ड रॅम’च्या ओळीत आठ जीबीच्या पुढे कंसात ‘३ पॉइंट काहीतरी युजेबल’ असे दिसत असेल, तर ते याच दुखण्याचे लक्षण समजावे.

६४ बिट विंडोजवर ३२ बिटची सॉफ्टवेअर चालतात, उलटे होत नाही. ऑटोकॅड २०२० पासून आणि फोटोशॉप ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून फक्त ६४ बिटवर बसते. तेव्हा ‘कसेही करून बसवा’ असा आग्रह धरून उपयोग नाही. इन्स्टॉलरच नकार देतो.

यावर उपाय आहे, मात्र तो तासाभराचा नाही. ३२ वरून ६४ बिटवर जाण्यासाठी विंडोज नव्याने टाकावे लागते, म्हणजेच सी ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागतो. परवाना नव्याने विकत घेण्याची गरज नसते. त्याच एडिशनच्या विंडोज १० चा अस्सल परवाना दोन्हींना चालतो. खरी काळजी फॉन्टची घ्यावी लागते. आपल्या भागातील छापखान्यांचे बरेच जुने काम युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये आहे. फॉन्टचा फोल्डर बाजूला न काढता फॉरमॅट मारला, तर दहा वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्याचप्रमाणे प्लॉटर (मोठे नकाशे छापणारे यंत्र) आणि कटिंग मशीनचे ६४ बिटचे ड्रायव्हर, म्हणजे ती यंत्रे संगणकावरून चालवणारी सॉफ्टवेअर, मिळतात का, हे आधी पाहावे लागते आणि जुन्या सॉफ्टवेअरमधून साइन आउट करून परवाना मोकळा करावा लागतो. एवढ्यासाठी आम्ही मशीन पूर्ण दिवस दुकानात ठेवून घेतो. ‘दोन तासांत करून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना फॉन्टच्या बॅकअपविषयी अवश्य विचारावे.

प्रत्येक मशीन ६४ बिटचे करावेच, असा आमचा आग्रह नाही. पानांची मांडणी करणाऱ्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची आहे आणि त्या काळातील काही सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर १६ बिटचे असल्यामुळे ६४ बिट विंडोजवर उघडतच नाहीत. ज्यांचे रोजचे काम अशा सॉफ्टवेअरवर चालते, त्यांनी ते जुने मशीन इंटरनेटपासून तोडून तसेच ठेवावे आणि नव्या कामासाठी दुसरे घ्यावे, असे आम्ही सांगतो. दुसरे घेताना ऑटोकॅड व फोटोशॉपसाठी आठ जीबी रॅम ही किमान अट आहे हे लक्षात घ्यावे. आमच्या अनुभवात सोळा जीबी आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असेल तरच काम सुखाने चालते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने नवे मशीन विंडोज ११ चेच घ्यावे. त्याची ३२ बिट आवृत्तीच नाही. मॅक वापरणाऱ्यांनी तसे आधी सांगावे, कारण त्यांची इन्स्टॉल फाईल वेगळी असते.

आम्ही क्रॅक केलेले, म्हणजे परवाना चुकवून चालवलेले, सॉफ्टवेअर बसवत नाही. आमचे दर काहींना त्यामुळे जास्त वाटतात, याची आम्हांला कल्पना आहे. चुकीच्या माहितीमुळे फेरी वाया गेल्यास येण्याजाण्याचा खर्च आकारतो. वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांना तो माफ आहे. सीपीयू दुकानात आणून दिल्यास तपासणी विनामूल्य करून दिली जाते.

फोन करण्याआधी ‘सिस्टीम’च्या त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा. फोटो काढताना मोबाइल आडवा धरावा, कारण उभ्या फोटोत ती ओळ अर्धी कापली जाते आणि आमच्यापर्यंत फक्त ‘एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ एवढेच पोहोचते.