स्पॉट वेल्डची भंगऊर्जा

दोन पत्रे ठिपक्याएवढ्या जागी वितळवून जोडणारा स्पॉट वेल्ड (थोडक्यात स्पॉट) पूर्ण तुटेपर्यंत जेवढी ऊर्जा शोषतो, ती त्याची भंगऊर्जा. मोटारीच्या पोलादी सांगाड्यात असे काही हजार स्पॉट असतात. टक्कर झाली की धक्का पत्र्यांनी दुमडत पचवायचा असतो, आणि तोवर स्पॉट टिकले पाहिजेत. त्यामुळे जोड किती भार सोसतो एवढ्यावर भागत नाही.

शिअरच्या, म्हणजे पत्रे एकमेकांवरून सरकवणाऱ्या भाराच्या, चाचणीत दोन पट्ट्यांची टोके एकमेकींवर चढवून मध्ये एक स्पॉट मारतात आणि पट्ट्या विरुद्ध दिशांना ओढतात. ताणाच्या चाचणीत पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या जोडून एकमेकींपासून उचकटतात. भार आणि सरक यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे ऊर्जा; किलोन्यूटनला मिलिमीटरने गुणले की थेट ज्यूल मिळतात.

उदाहरणादाखल, शिअरमध्ये १० किलोन्यूटन भाराला, २ मिलिमीटर सरकून जोड तुटला असे धरू. आलेख त्रिकोणी मानला तर १० ज्यूल. ताणात ६ किलोन्यूटन आणि १२ मिलिमीटर धरले तर ३६ ज्यूल. भार कमी, तरी ऊर्जा तिपटीहून जास्त! यातली बरीचशी ऊर्जा पट्ट्या वाकण्यात गेलेली असते. पट्टीची रुंदी किंवा पकडींमधले अंतर बदलले की हा आकडाही बदलतो. तो जसाच्या तसा वेल्डच्या नावावर मांडणे ही मोठी चूक आहे. शिअरची चाचणीही निर्भेळ नसते. पट्ट्या एका रेषेत नसल्याने ओढताना स्पॉट तिरका होतो आणि त्याच्या कडेला ताण येतो.

म्हणून चाचणीची संगणकीय प्रतिकृती करतात. पत्र्याचे वाकणे त्यात वेगळे हिशेबात येते. मग वेल्डची ताणातली आणि शिअरमधली ऊर्जा, दर चौरस मिलिमीटरमागे, आलेख जुळेपर्यंत बदलत नेतात. प्रत्यक्ष टकरीत दोन्ही भार एकत्र येतात, त्यासाठी तिरक्या कोनात ओढलेले नमुनेही लागतात.

तुटलेला नमुना हातात घेऊन पाहावाच. एका पत्र्यावर अख्खे बटण, म्हणजे वेल्डचा गोल तुकडा, आणि दुसऱ्यात गोल भोक दिसले, तर पत्रा फाटेपर्यंत जोडाने दम धरला. दोन्हीकडे सपाट तोंडे दिसली, तर वेल्ड मधूनच कापला गेला आणि ऊर्जा कमी शोषली गेली. मिलिमीटरमध्ये मोजून वेल्डचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या वर्गमुळाच्या ४ ते ५ पट ठेवण्याचा प्रघात आहे. १ मिलिमीटर पत्र्याला ४ ते ५ मिलिमीटर. अतिउच्च बळाच्या पोलादात एवढ्यावर निभत नाही. तिथे वेल्ड झटकन थंड होऊन कडक आणि ठिसूळ होतो, आणि पोलादाचे बळ वाढले तरी ताणातली ताकद त्या प्रमाणात वाढत नाही.