सिम्युलेटरवरचे ऑपरेटर प्रशिक्षण

कारखान्यातील यंत्रणेला हात न लावता, तिच्या संगणकीय प्रतिकृतीवर ती सुरू करण्याचा, सांभाळण्याचा आणि सुखरूप बंद करण्याचा सराव. एडविन लिंक यांनी १९२९ साली वैमानिकांसाठी बनवलेला 'ट्रेनर' हा या पद्धतीचा पूर्वज. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांसमोर 'सिम्युलेशन' म्हटले की साच्यात धातू कसा भरेल हे दाखवणारे सॉफ्टवेअर डोळ्यांपुढे येते. ते वेगळे, येथे शिकायचे असते ते माणसाने.

शिकणाऱ्यापुढे कंट्रोल रूममधलेच स्क्रीन असतात. त्यांच्यामागे दाब, तापमान आणि प्रवाह यांची समीकरणे सतत सुटत असतात. व्हॉल्व्ह उघडला की खऱ्या यंत्राला लागेल तेवढ्याच वेळाने आकडे हलतात. शिकवणारा आपल्या स्क्रीनवरून बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप बंद पाडतो, मोजलेला आकडा स्क्रीनवर पाठवणाऱ्या एखाद्या ट्रान्समीटरला खोटे बोलायला लावतो, आणि चूक झाली की घड्याळ मागे नेऊन तोच प्रसंग पुन्हा उभा करतो.

जिल्ह्यातील साखर कारखान्यांना याची गरज फार आहे. सहवीजनिर्मितीमुळे, म्हणजे साखरेबरोबर वीजही बनवू लागल्यामुळे, तेथे उच्च दाबाचे बॉयलर आले. मिल थांबली की बगॅसचा, म्हणजे जळण म्हणून वापरायच्या उसाच्या चोथ्याचा, ओघ तुटतो, बगॅस ओली आली की भट्टी मंदावते. सर्वांत फसवी असते ती ड्रमची, म्हणजे बॉयलरमधल्या पाणी आणि वाफेच्या टाकीची, लेव्हल. वाफेची मागणी एकदम वाढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात, आणि आतले पाणी घटत असतानाच लेव्हल चढलेली दिसते. नवखा ऑपरेटर फीडवॉटर कमी करतो. काही वेळात फुगवटा बसतो आणि खरी पातळी उघडी पडते. तोवर ट्यूब कोरड्या पडण्याची वेळ आलेली असते. हे तोंडी कितीही सांगितले तरी समोरचा आकडा वर जात असताना हात व्हॉल्व्ह बंद करायलाच धावतो. तो हात आवरायला सरावच लागतो.

अशाच फसगतीतून मोठे अपघात झाले आहेत. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. लेव्हल जास्त दिसली म्हणून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणी कमी केले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. सिम्युलेटरवर त्यांचे शिक्षण झाले होते, पण त्या सिम्युलेटरमध्ये हा प्रसंग घातलेलाच नव्हता. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या रिफायनरीत युनिट सुरू करताना ऊर्ध्वपातनाचा टॉवर भरून वाहिला. स्क्रीनवर मात्र लेव्हल उतरताना दिसत होती. १५ जण मेले. त्यानंतरच्या तपासात सिम्युलेटरवर सराव देण्याची शिफारस झाली.

म्हणून मॉडेल कोणत्या यंत्राचे आहे, हे आधी विचारावे. कोळशाच्या बॉयलरवर बसवलेला सराव बगॅसवाल्याला अर्धाच उपयोगी पडतो. गेज ग्लास, म्हणजे पातळी दाखवणारी काच, ब्लो करून (वाफ-पाणी सोडून साफ करून) लेव्हलची खात्री करणे, बगॅस मुठीत दाबून ओल ओळखणे, पंपाचा बदललेला आवाज हेरणे, हे बॉयलरपाशी उभे राहूनच शिकावे लागते.

गळीत हंगाम संपला की बॉयलर काही महिने थंड असतो आणि हाताची सवयही मोडते. सरावाला सोयीचा काळ तोच: ओव्हरहॉलिंग संपत आल्यावर, अग्निप्रदीपनाच्या आधीचे दिवस. तेव्हा थंड बॉयलर पेटवणे, फीड पंप ट्रिप होणे आणि ग्रिड अचानक जाणे हे तीन प्रसंग प्रत्येक पाळीने एकत्र बसून करावेत. कारण प्रत्यक्षात फायरमन, वॉटरमन आणि टर्बाइनवाला यांना ते एकत्रच निभवावे लागतात.