सागरी उष्णतेच्या लाटा

समुद्राच्या एखाद्या भागात पृष्ठभागाचे पाणी सलग ५ किंवा अधिक दिवस त्या जागी, त्या ऋतूत एरवी असते त्याहून फारच गरम राहिले, तर त्याला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. ‘फारच’ ठरवायला साधारण ३० वर्षांच्या नोंदी घेतात. त्यांतल्या सर्वांत उष्ण १० टक्के दिवसांइतके तापमान चढले पाहिजे. मोजमाप स्थानिक असल्याने अलास्काच्या गारठ्यातही लाट येते.

कारणे मात्र समुद्रागणिक वेगळी. २०११ मध्ये ला निनाच्या (विषुववृत्ताजवळचा मध्य-पूर्व प्रशांत महासागर थंड पडण्याच्या) काळात जोर धरलेल्या ल्यूविन प्रवाहाने उष्णकटिबंधातले पाणी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे आणले. सुमारे १०० किमी पट्ट्यातली केल्प शैवालाची जंगले नष्ट झाली आणि पाण्यासोबत आलेल्या शाकाहारी माशांनी नवे कोंब वर येऊच दिले नाहीत. ईशान्य प्रशांत महासागरात २०१३ ते २०१६ दरम्यान प्रवाह नव्हे, वारा कारणीभूत होता. वर ठाण मांडलेल्या उच्च दाबामुळे वारे मंदावले, खालचे थंड पाणी वर मिसळेना. ‘ब्लॉब’ नावाने ओळखल्या गेलेल्या या लाटेत समुद्रातली अन्नसाखळीच तुटली. ‘मर’ नावाच्या मासेखाऊ समुद्रपक्ष्यांची सुमारे ६२,००० कलेवरे कॅलिफोर्निया ते अलास्काच्या किनाऱ्यांवर लागली. बहुतेक उपासमारीने मेलेली. अलास्काच्या आखातातला कॉड मासा इतका घटला, की २०२० मध्ये तिथल्या अमेरिकी संघ सरकारच्या सागरी हद्दीत त्याची मासेमारी बंद ठेवावी लागली. भूमध्य समुद्र जवळपास बंदिस्त. २००३ मध्ये युरोप तापला तसा तोही तापला आणि खडकांना धरून वाढणारे गोर्गोनियन प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले.

आपल्याकडचा धोका दुहेरी आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. मे २०२० मध्ये अशा लाटेनंतर तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातले सुमारे ८५ टक्के प्रवाळ पांढरे पडले, म्हणजे उष्णतेने आपल्यातले पोषक शैवाल गमावून बसले. शिवाय पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांना असे आढळले, की पश्चिम हिंदी महासागर आणि बंगालच्या उपसागरातल्या लाटांच्या काळात मध्य भारतात पाऊस कमी पडतो, दक्षिण द्वीपकल्पात वाढतो. म्हणजे समुद्र कधीही न पाहिलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही ही लाट गाठते.

उपग्रहांना फक्त वरचा थर दिसतो. खोलवरच्या लाटा टिपायला आर्गो तरंडे, म्हणजे आपोआप खाली-वर जाऊन तापमान मोजणारी यंत्रे, पाण्याखाली सोडली जातात. काही लाटा पृष्ठभाग निवल्यावरही खाली रेंगाळतात.