गावासाठी ‘त्सुनामी रेडी’ मान्यता : पात्रता, कागदपत्रे आणि नकाशाचे काम

किनाऱ्यावरच्या गावाने त्सुनामीची तयारी पुरी केली असेल, तर युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाकडून त्याला ‘त्सुनामी रेडी’ अशी मान्यता मिळते. भारतात हे काम हैदराबादची इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) ही संस्था पाहते. ओडिशातली वेंकटरायपूर आणि नोलियासाही ही दोन गावे 2020 मध्ये पहिली ठरली, 2024 मध्ये त्याच राज्यातली आणखी 24 गावे आली. कोकणालाही हा धोका परका नाही. नोव्हेंबर 1945 मध्ये मकरान किनाऱ्याजवळ (पाकिस्तान-इराणचा किनारा) झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या आणि इथे माणसे दगावली होती.

अर्ज कोण करू शकतो?
एकट्यादुकट्याला नाही. अर्ज गावाचा किंवा शहरातल्या एखाद्या किनारी वस्तीचा असतो. ही अनुदानाची योजनाही नव्हे, हे ग्रामसभेत आधीच सांगून टाकावे. नाहीतर पहिला प्रश्न ‘पैसे किती येणार?’ हाच येतो.

निकष
एकूण 12 : धोक्याच्या मूल्यमापनाचे 3, पूर्वतयारीचे 5 आणि प्रतिसादाचे 4. प्रत्येकाचा पुरावा जोडावा लागतो. पहिलाच निकष म्हणजे धोक्याच्या क्षेत्राचा नकाशा. पुढचे बरेच काही त्यावरच उभे राहते.

हा नकाशा गावाने अंदाजाने काढायचा नसतो. समुद्रतळाची खोली, जमिनीची उंची आणि मोठ्यात मोठ्या संभाव्य भूकंपाचे गणित मांडून पाणी कुठवर शिरेल ते तज्ज्ञ ठरवतात. भारतासाठी मकरान आणि अंदमान-सुमात्रा हे त्सुनामीचे दोन मुख्य उगम धरले जातात. सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा इथे चालत नाही. तो बांधकामाच्या नियमनासाठी असतो. तयार नकाशा हाती आला की गावकऱ्यांनी तो घेऊन प्रत्यक्ष फिरावे. नवा बंधारा, भराव, बंद झालेली पाखाडी या गोष्टी संगणकाला कळत नाहीत. खाडीकाठच्या वाड्या तर हमखास तपासाव्यात, कारण समुद्र दिसत नसला तरी पाणी खाडीतून आत चढते.

दुसरा निकष धोक्यातल्या माणसांच्या संख्येचा. त्यासाठी 2011 च्या जनगणनेवर विसंबू नये. आशा सेविका आणि अंगणवाडीच्या नोंदी जास्त ताज्या असतात. बोटींवरचे परगावचे खलाशी आणि होमस्टेमधले पर्यटकही मोजा.

जोडायची कागदपत्रे
धोक्याचा नकाशा, लोकसंख्येचा अंदाज, गावातल्या साधनांची यादी (शाळा, दवाखाना, गाड्या, होड्या), मंजूर झालेला बाहेर पडण्याच्या मार्गांचा नकाशा, लावलेल्या फलकांचे फोटो, वाटलेली माहितीपत्रके, वर्षातून किमान 3 जनजागृती कार्यक्रमांच्या नोंदी, दर 2 वर्षांनी होणाऱ्या रंगीत तालमीचा अहवाल आणि मंजूर आपत्ती प्रतिसाद आराखडा. तो आराखडा राबवायला माणसे आणि साधने आहेत, हेही दाखवावे लागते.

इशाऱ्याचे दोन निकष सर्वांत कडक आहेत. इशारा चोवीस तास मिळाला पाहिजे आणि लोकांपर्यंत पोचला पाहिजे, आणि दोन्ही गोष्टी एकाहून अधिक मार्गांनी व्हायला हव्यात. सरपंचांचा मोबाइल हा एक मार्ग झाला. रात्री वीज गेल्यावर मंदिराचा भोंगा किंवा मशिदीचा लाऊडस्पीकर कशावर चालणार, तेही लिहून द्या.

अर्जाचा प्रवास
ग्रामसभेचा ठराव करून स्थानिक समिती नेमावी. तीत मच्छीमार सोसायटी, महिला बचत गट आणि शाळेचे शिक्षक हवेतच. ठरावाची प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे तांत्रिक मदत मागावी. निकष पुरे झाले की अर्ज इन्कॉइसच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय मंडळाकडे जातो. मंडळाच्या पडताळणीनंतर शिफारस युनेस्कोकडे जाते.

मान्यता 4 वर्षांची असते. नूतनीकरणाच्या वेळी पुरावे पुन्हा द्यावे लागतात, म्हणून हजेरीपत्रके आणि तालमींचे फोटो ग्रामपंचायतीच्या एका स्वतंत्र फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून लावत जा. सरपंच बदलले तरी फाइल कार्यालयातच राहील, एवढे पाहा.