अजून फक्त वीस रात्री: क्रूझच्या पॉइंटांमागचं उंदीरशास्त्र

जून २०२५मध्ये कार्निव्हल या अमेरिकन क्रूझ कंपनीने आपली निष्ठा योजना, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रवाशांना पॉइंट आणि त्यांवरून दर्जा व सवलती देणारी योजना, बदलणार असल्याचं जाहीर केलं. तोवर जहाजावर जितके दिवस काढाल तितके पॉइंट, असा सरळ हिशेब होता. नव्या योजनेत दिवस मोजायचे नाहीत, खर्च केलेले डॉलर मोजायचे. शिवाय मिळालेला दर्जा जन्मभराचा नाही, दोन वर्षांच्या खर्चावरून तो पुन्हा ठरणार. जुने प्रवासी खवळले. वीस-वीस वर्षं एकाच कंपनीची जहाजं धरून ठेवलेल्या लोकांना आपला ठेवा कोणीतरी काढून घेतंय असं वाटलं.

मला या भांडणात रस वाटला तो एका जुन्या उंदरामुळे. त्याच्याकडे येतोच, पण आधी आपला या विषयाशी काय संबंध ते सांगतो. न्यू जर्सीत मुलांकडे सहा महिने राहायला गेलेले मराठी आईबाबा बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून बर्म्युडा किंवा बहामाची क्रूझ करून येतात, आणि परतल्यावर घरात चर्चा सुरू होते: रॉयल कॅरिबियन बरी की नॉर्वेजियन? त्यात कोणीतरी जाणकार सांगतो, 'आता कंपनी बदलू नका, पॉइंट वाया जातील.' हे वाक्य इतकं शहाणपणाचं वाटतं की ते तपासून पाहायचं कोणाला सुचत नाही.

मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला गेलेलं, कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाजही मूळचं रॉयल कॅरिबियनचंच. १९९० साली बांधलेलं, आधीचं नाव 'एम्प्रेस ऑफ द सीज'. त्याच जहाजावर, त्याच खोलीत आज रात्र काढली तर रॉयल कॅरिबियनच्या खात्यात शून्य पॉइंट पडतात. पॉइंट जहाजाला चिकटलेले नसतात, समुद्राला तर नसतातच. ते फक्त एका वहीतले आकडे असतात, आणि त्या वहीचे नियम वही ठेवणारा ठरवतो.

प्रत्येक कंपनीची वही निराळी. रॉयल कॅरिबियन रात्री मोजते: एका रात्रीला एक पॉइंट, 'स्वीट' म्हणजे मोठी, महाग खोली घेतली तर दोन. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनला आणि बाल्कनीच्या केबिनला सारखेच. तिच्याच समूहातली सेलिब्रिटी ही कंपनी मात्र केबिनचा वर्ग पाहते, महाग खोलीला रात्रीमागे जास्त पॉइंट. प्रिन्सेसमध्ये क्रूझची संख्या किंवा दिवस, यांतलं जे आधी पुरं होईल ते धरतात. म्हणून तिथले हुशार लोक तीन-चार दिवसांच्या छोट्या सफरींनी आकडा भरतात. हॉलंड अमेरिका दिवसांच्या जोडीला जहाजावरचा खर्चही दिवसांत बदलून देते. थोडक्यात, जे मोजाल ते लोक वाढवतात.

आता उंदीर. क्लार्क हल हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात उंदरांना सरळ लांब बोळातून पळवत असे. टोकाला अन्न. बोळाचे टप्पे पाडलेले आणि प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ वेगळा मोजलेला. उंदीर एकाच वेगाने पळत नव्हता. अन्न जवळ येईल तसा त्याचा वेग वाढत जाई. हलने याला जे नाव दिलं त्याचं मराठी ध्येय-प्रवणता असं करता येईल: ध्येयाकडे जाताना ओढीचा चढ वाढत जातो. पुढे १९४८ साली जडसन ब्राऊनने उंदरांना पट्टा बांधून, त्यांना वाटेत अडवून ते किती जोराने ओढतात हेच मोजलं. अन्नापासून ३० सेंटीमीटरवर अडवलेले उंदीर १७० सेंटीमीटरवर अडवलेल्यांपेक्षा जास्त जोर लावत होते. भूक तीच, उंदीर तसेच, बदललं होतं ते फक्त अंतर.

माणसाचं वेगळं नसावं, याचा पुरावा आपल्याकडे रस्त्यावरच आहे. पंढरीच्या वाटेवर वेळापूरपाशी उतारावरून वारकरी 'धावा' करतात. इतके दिवस चालून थकलेले पाय नेमके पंढरपूर जवळ आल्यावर पळू लागतात. श्रद्धेला मी मोजपट्टी लावत नाही. पण प्रयोगशाळेत मोजून पाहायचं तर दिंडीपेक्षा कॉफीचं दुकान सोपं.

२००६ साली रॅन किवेट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या आवारातल्या कॅफेत नेमकं तेच केलं. दहा कॉफ्या घ्या, दहा शिक्के मिळवा, पुढची कॉफी फुकट. त्यांनी शिक्क्यांमधलं अंतर मोजलं. पहिल्या काही कॉफ्या रमतगमत येत आणि शेवटच्या भराभर. इथे चलाख वाचक लगेच शंका काढेल: जे मुळातच जास्त कॉफी पितात तेच शेवटपर्यंत पोचतात, मग शेवटचे शिक्के भराभर पडणारच! शंका रास्त आहे. म्हणून तुलना एकाच माणसाच्या सुरुवातीची आणि शेवटाची करावी लागते. तशी केली तरी वेग वाढतोच. शिवाय फुकट कॉफी मिळाल्यावर, नवं कार्ड सुरू झालं की तोच माणूस पुन्हा रेंगाळतो. सवयच वाढली असती तर तो रेंगाळला नसता. ज्यांच्या कार्डावर नुसत्या नोंदी होत्या आणि बक्षीस नव्हतं, त्यांचा वेग वाढलाच नाही.

पुढचा भाग माझा सर्वांत आवडता. काही गिऱ्हाइकांना दहा रिकाम्या चौकोनांचं कार्ड दिलं, काहींना बारा चौकोनांचं, पण त्यातले दोन आधीच शिक्का मारलेले. दोघांनाही कॉफ्या दहाच घ्यायच्या होत्या. पण बाराचं कार्ड सरासरी सुमारे १३ दिवसांत भरलं, दहाचं १६ दिवसांच्या आसपास. त्याच वर्षी जोसेफ न्यून्स आणि झाव्हिए द्रेझ यांनी गाड्या धुण्याच्या केंद्रावर असाच प्रयोग केला. आठ धुलाया दोघांनाही, पण एका गटाला दहाच्या कार्डावर दोन शिक्के भेट. कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, भेट मिळालेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी.

म्हणजे मेंदू नुसतं उरलेलं अंतर पाहत नाही. उरलेलं अंतर 'उ' आणि एकूण अंतर 'ए' मानलं, तर ओढ ठरते ती उ ÷ ए या गुणोत्तरावर, आणि गुणोत्तर जितकं लहान तितकी ओढ मोठी. कोऱ्या कार्डात सुरुवातीला १० ÷ १० = १. बाराच्या कार्डात १० ÷ १२ = ०.८३. न चालताच वाट सहाव्या हिश्शाने सरली! शेवटी शेवटी पावलं जड का वाटत नाहीत तेही यात दडलंय. उरलेल्या दहातली एक कॉफी म्हणजे उरलेल्या वाटेचा १० टक्के भाग, पण उरलेल्या दोनातली एक म्हणजे निम्मी वाट. तेवढीच कॉफी, पण तिने कापलेला हिस्सा पाचपट. संवेदना फरकाला नव्हे तर फरकाच्या प्रमाणाला प्रतिसाद देतात, हा वेबरचा नियम वजन आणि उजेड यांच्याबाबतीत एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. तोच इथे मागच्या दाराने आला.

आता ही उ ÷ ए घेऊन रॉयल कॅरिबियनच्या पायऱ्या पाहा. गोल्ड ३ पॉइंटांवर, प्लॅटिनम ३०, एमराल्ड ५५, डायमंड ८०, डायमंड प्लस १७५, पिनॅकल ७००. दोन पायऱ्यांमधली अंतरं काढली तर २७, २५, २५, ९५, ५२५. पहिल्या तीन पायऱ्या छोट्या आणि जवळजवळ सारख्या, म्हणजे प्रवासी कायम कुठल्यातरी टोकाजवळच असतो. ६० पॉइंट झालेल्या माणसाला डायमंडसाठी २० रात्री हव्यात. शून्यापासून मोजलं तर उ ÷ ए = २० ÷ ८० = ०.२५, म्हणजे आलंच की! एमराल्डपासून मोजलं तर २० ÷ २५ = ०.८, म्हणजे आत्ताच तर निघालोय. रात्री वीसच. छेद कुठला दाखवायचा हे कंपनीच्या हातात असतं, आणि ती कुठला दाखवेल हे ओळखायला गणित लागत नाही.

८०नंतर मात्र बोळ एकदम जवळजवळ चौपट लांब होतो. नवं कार्ड हातात आलेल्या कॉफीबाजासारखं इथे लोक रेंगाळायला हवेत. त्यावर कंपनीची तोड गमतीची आहे: १४० पॉइंटांवर काचेचा एक नक्षीदार ठोकळा भेट, आणि पुढे दर ७० पॉइंटांना आणखी एक. ठोकळ्याचा उपयोग शोकेसमध्ये ठेवण्यापलीकडे काही नाही. पण ५२५ रात्रींच्या लांबलचक बोळात दर ७०वर एक खोटं टोक उभं राहतं, आणि प्रत्येक टोकाआधी वेग पुन्हा वाढतो. हलला हे पाहून आनंद झाला असता.

या सगळ्याला कोणी 'डोपामाईनचा खेळ' म्हणू लागलं की मी जरा सावध होतो. वरच्या कुठल्याही प्रयोगात कोणाचा मेंदू उघडून डोपामाईन मोजलेलं नव्हतं. मोजले ते वेळ, जोर आणि शिक्के, आणि निष्कर्षाला तेवढे पुरतात. पायऱ्यांची नावं वाचून मात्र आपल्याकडचा खड्यांचा बाजार आठवतो: बुधासाठी पाचू, शुक्रासाठी हिरा. खडा बोटात घालून शुक्र हलत नाही, पण क्रूझ कंपनी हिऱ्याच्या नावावर निदान कॉफी तरी पाजते. (अंधश्रद्धा जहाजांवरही आहेच. बऱ्याच क्रूझ जहाजांत बाराव्या डेकनंतर थेट चौदावा येतो, लाखभर टनांचं जहाज तरंगवणारे अभियंते तेराला घाबरतात म्हणून नव्हे, गिऱ्हाईक घाबरतं म्हणून.)

कॉफी पाजते, तर ती कितीची? रॉयल कॅरिबियनच्या डायमंडला रोज चार पेयं मोफत, प्रत्येकाची किंमत १४ डॉलरपर्यंत. लगेच गुणाकार होतो: ४ × १४ = ५६ डॉलर रोज, सात रात्रींचे ३९२. घरोघरी हाच आकडा सांगितला जातो आणि तो चुकीचा आहे. तुमच्यासाठी पेयाची किंमत छापील दराइतकी नसते, ते फुकट नसतं तर तुम्ही खिशातून जेवढे दिले असते तेवढीच असते. रोज चार कॉकटेल विकत घेणाऱ्याला ३९२ खरेच. पण रोज ५ डॉलरची एक कॉफी घेणाऱ्या काकूंना सात रात्रींत ३५.

आता समजा, या काकू दर वर्षी सात रात्रींची क्रूझ करतात. ८० रात्री बाराव्या क्रूझला पुऱ्या होतील. आणि समजा, दर वेळी दुसऱ्या कंपनीची तशीच सफर १०० डॉलरने स्वस्त होती, पण पॉइंट वाया जाऊ नयेत म्हणून त्या इथेच राहिल्या. हिऱ्यापर्यंत पोचताना १,२०० डॉलर जास्त गेले. क्रूझमागे ३९२ परत मिळत असतील तर चौथ्या क्रूझला पैसे वसूल. ३५ मिळत असतील तर पस्तिसाव्या क्रूझला. एकच योजना, एकच दर्जा, आणि उत्तरात ३१ वर्षांचा फरक. 'कोणत्या कंपनीची योजना चांगली?' याला काकूंचं आणि कॉकटेलवाल्याचं मिळून एक उत्तर निघूच शकत नाही. प्रिन्सेसच्या सर्वांत वरच्या एलिट पायरीला कपडे फुकट धुऊन मिळतात. महिनाभराच्या सफरीत ती मोठी चैन, चार दिवसांच्या सफरीत बॅगेत कोरे कपडे असतातच.

आता कार्निव्हलच्या नव्या नियमांकडे पाहा, त्यात तिरस्कार दिसत नाही, अंकगणित दिसतं. जन्मभराच्या दर्जाच्या पद्धतीत माणूस फक्त वर चढतो, खाली कधीच येत नाही. गणितात अशा अवस्थेला शोषक अवस्था म्हणतात: आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. पुरेसा काळ गेला की एकनिष्ठ प्रवाशांची गर्दी वरच्या पायऱ्यांवर साचतेच. सगळ्यांनाच आधी चढायचा मान दिला तर रांग तेवढीच राहते. दुसरं कारण वहीतच दिसतं. २०२३ साली कार्निव्हल समूहाला सुमारे २१.६ अब्ज डॉलर मिळाले, त्यांतले जवळपास १४.१ अब्ज तिकिटांचे आणि ७.५ अब्ज जहाजावरच्या व इतर खर्चाचे. एक तृतीयांशाहून जास्त उत्पन्न जी वही मोजतच नाही, ती वही कंपनी फार काळ ठेवणार नव्हती. दोन वर्षांची मुदत घातली की शोषक अवस्थेला बाहेरची वाट फुटते, आणि उ ÷ ए दर दोन वर्षांनी पुन्हा १ वरून सुरू होतो.

कंपनीला हा दर्जा किती महाग पडतो, ते एमएससी या क्रूझ कंपनीकडे पाहून कळतं. मूळची भूमध्य समुद्रातली ही कंपनी अमेरिकेत उशिरा शिरली, जुने निष्ठावान हाताशी नव्हते. तिने 'स्टेटस मॅच' चालवलं: तुमचा दुसऱ्या क्रूझ कंपनीतला, इतकंच काय पण हॉटेल साखळीतला दर्जा दाखवा, आम्ही आमचा तशाच तोलाचा देतो. बारा वर्षांच्या रात्री मोजून मिळवलेला हिरा तिथे एका ऑनलाइन फॉर्मवर मिळत होता.